छापखान्याचा विमा: चिपळूणात भरवशाचा एजंट कसा शोधायचा?

शाईवाली: बाजारपेठेत माझा छोटा छापखाना आहे. ऑफसेट, कटिंग मशीन, आणि लग्नसराईत छतापर्यंत कागद. जुलै 2021 चा पूर इथे कुणाला सांगायला नको. कॅश क्रेडिट (धंद्यासाठी बँकेचं फिरतं कर्ज) असल्यामुळे बँक दरवर्षी विम्याचे पैसे परस्पर कापते, पॉलिसी मागितली की "मेलवर येईल" म्हणते. यंदा मी स्वतः करणार आहे. पाणी ओसरल्यावर दारात येईल असा माणूस हवाय. आमचे एलआयसीवाले काका म्हणतात, "मीच करतो." करू का?

परशुराम_घाट: कशाला डोक्याला ताप! बँक करते तेच चालू ठेवा.

जुना_अंडररायटर: घाटसाहेब, बँक स्वतःचं कर्ज सांभाळते, ताईंचा धंदा नाही. विमा बऱ्याचदा कर्जाच्या आकड्याएवढाच उतरवलेला असतो.

ताई, मी सरकारी विमा कंपनीत आयुष्य काढलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काकांकडे जनरल विम्याची एजन्सी आहे का ते आधी विचारा. बऱ्याच आयुर्विमा एजंटांकडे असते. नसेल तर ते दुसऱ्याच्या कोडवर काम करणार, आणि क्लेमच्या दिवशी तो 'दुसरा' फोन उचलत नाही. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर तुमचा. पण लहान धंद्यासाठी ब्रोकर फारसे वेळ देत नाहीत, हे खरं.

चांगला एजंट कसा ओळखायचा? हप्ता सांगण्याआधी तो छापखान्यात येऊन मशीन बघतो. घरबसल्या फोनवर आकडा सांगणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. एकूण मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी असते, 2021 पासून. पूर त्यात येतो. घरफोडीचं मात्र वेगळं घ्यावं लागतं.

मशीनची किंमत आज तसंच नवं घ्यायला किती लागेल ती लावा. हप्ता वाचवायला जुन्या बिलाचा आकडा टाकतात आणि तिथेच फसतात. वीस लाखांच्या मशीनवर दहा लाखांचा विमा असेल, तर विमा निम्मा म्हणून भरपाईही निम्मी: चार लाखांच्या नुकसानीचे ढोबळमानाने दोनच लाख हातात. थोडीफार तफावत, 15 टक्क्यांपर्यंत, या पॉलिसीत चालवून घेतात.

आणि "पैसे पुढच्या आठवड्यात द्या, विमा आजपासून सुरू" असं कुणी म्हणालं तर दार दाखवा. हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, तसा कायदा आहे.

शाईवाली: काकांकडे एजन्सी आहे, कार्ड दाखवलं. शनिवारी बघायला येतायत. अजून एक: जास्तीचा कागद मी मावशीच्या घरी, गावातल्याच पाग भागात ठेवते. तो आपोआप धरला जातो ना?

जुना_अंडररायटर: नाही. पॉलिसीवर ज्या जागेचा पत्ता, तिथलाच माल धरतात. पागेचा पत्ता आणि तिथल्या कागदाची रक्कम प्रस्तावात वेगळी लिहून घ्या. शनिवारी काकांना तिकडेही न्या. बँकेचं नावही पॉलिसीवर लागेल, नाहीतर बँक पुन्हा आपली पॉलिसी काढून पैसे कापेल. नव्या पॉलिसीची प्रत शाखेत देऊन पोच घ्या, म्हणजे दोनदा भुर्दंड नको.

शाईवाली: पोच घेतेच. आमच्या शाखेत ती मागितली की साहेब जेवायला जातात, म्हणून अकरालाच जाईन.