काउंटीचं मध्यक उत्पन्न: ही वजाबाकी नको
कुणीतरी अमेरिकेतल्या एका काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) मध्यक उत्पन्नाचे, म्हणजे निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली त्या उत्पन्नाचे, २०१८-२२ आणि २०१९-२३ चे पाच-पाच वर्षं एकत्र धरून काढलेले आकडे वजा करून 'एका वर्षातली वाढ' काढली आहे. अहो, त्यात चार वर्षं दोन्हीकडे तीच आहेत! हे आकडे ज्यातून येतात त्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे (तिथल्या नमुना पाहणीचे) नेहमीचे एकवर्षीय आकडे ६५,००० किंवा त्याहून जास्त वस्तीलाच मिळतात. लहान काउंटीसाठी सेन्सस ब्युरोचे (तिथल्या जनगणना खात्याचे) 'एसएआयपीई', म्हणजे लहान भागांच्या उत्पन्नाचे आणि गरिबीचे, अंदाज बरे. सर्व्हेला आयकर विवरणपत्रांची वगैरे जोड देऊन दरवर्षी काढतात. मात्र २००५ पूर्वीचे अंदाज वेगळ्या सर्व्हेवर बेतलेले, त्यामुळे आलेखात तिथे रेघ सलग जोडू नका, खंड धरा. २००० च्या जनगणनेतलं उत्पन्न १९९९ चं आहे, महागाईही तिथूनच मोजा. आणि टेक्सासच्या लव्हिंग काउंटीच्या (२०२० मध्ये माणसं ६४) चढउतारावरून तर काहीच ठरवू नका राव.