सक्ती केली तर लोक पत्ताच बदलतात
या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की ऊसतोड कामगार, ट्रकचालक अशांची एचआयव्ही चाचणी सरळ सक्तीची करावी. पटलं नाही. एक तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणीच करता येत नाही. आणि सक्तीने काय होतं? माणूस पुढच्या वेळी दवाखान्याची पायरीच चढत नाही. सांगलीत 'संग्राम' या संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांमध्ये काम केलं, ते त्याच बायकांच्या हाती निरोध वाटप आणि समजावण्याचं काम देऊन. तिथे पोलिसी खाक्या चालला नसता.

खरी अडचण चाचणीनंतर सुरू होते, तिचा उल्लेख इथे आला नाही म्हणून लिहितो. मी काही वर्षं एका तालुक्याच्या रुग्णालयात समुपदेशक होतो. औषधं फुकट (२००४ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारा औषधोपचार, मोफत आहे), २०१७ पासून तर सीडी-४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असो, लगेच सुरू करतात. पण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी निघाली की बीडचा माणूस कोल्हापूरच्या फडात. एकाने गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या, मुकादमाला कळू नये म्हणून. महिन्याचा साठा संपला, खाडा करून दुसऱ्या जिल्ह्यातलं औषधाचं केंद्र शोधायला जायची त्याची हिंमत झाली नाही. परतला तेव्हा क्षयरोग जडला होता. त्यानंतर आम्ही निघण्याआधीच विचारायला लागलो, "यंदा कुठला कारखाना?", आणि तिथल्या केंद्राला आधी फोन.