बागेतली जुनी लोखंडी खेळणी भंगारात द्यायची का? कमिटीत भांडण लागलंय

चक्रीवाला_बाबा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आमच्या कॉलनीच्या बागेत पार जुनी खेळणी आहेत, म्हणजे मी स्वतः त्यांच्यावर खेळलोय एवढी जुनी. एक आठ फुटी लोखंडी घसरगुंडी, हाताने ढकलायची गोल चक्री, पाईपांचा घुमट ज्याला आम्ही माकडघर म्हणायचो, लाकडी पाटांचे तीन झोके, आणि एक सीसॉ जो आपटला की झिणझिण्या कमरेतून थेट टाळूपर्यंत जातात. कमिटी म्हणते सगळं कापा, भंगारात द्या आणि तो प्लास्टिकचा रंगीत सेट आणा.

तसा सेट एके ठिकाणी लेकीला घेऊन जाऊन बघून आलो, साडेसहा वर्षांची आहे. दहा मिनिटं शहाण्यासारखी खेळली आणि मग बोगद्यातून जायचं सोडून बोगद्याच्या टपावर चढून बसली, तिथे आधीच दोन पोरं बसलेली होती. येताना मला म्हणते, बाबा आपली चक्री बंद नाही ना करणार?

आता गंमत घालवायची नाहीये, पण उद्या कुणाचं पोर पडलं तर "ठेवा" म्हणणारा मीच होतो हे सगळ्यांना बरोबर आठवेल. कुणी अशी खेळणी दुरुस्त करून ठेवलीयेत का? नक्की काय तपासायचं? आणि हो, चिखल व्हायचा म्हणून मागच्या वर्षी झोक्यांखाली आणि घसरगुंडीखाली पेव्हर ब्लॉक टाकलेत, त्यामुळे खाली मस्त स्वच्छ असतं.

गंज_आणि_ग्रीस

फॅब्रिकेशनचं काम करतो, खेळण्यांची दुरुस्ती बरीच केलीये. तुमचं सगळं वाचलं आणि शेवटच्या ओळीवर कपाळाला हात लावला. साहेब खेळण्यांचं नंतर बघू, आधी ते पेव्हर ब्लॉक उखडा.

पोरांना खेळण्यांवर जे लागतं त्यात सगळ्यात मोठा वाटा खाली पडण्याचा असतो. आठ फुटांवरून पडलं तर जमिनीला टेकताना वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास जातो, तोच वेग पेव्हरवर एका झटक्यात थांबतो आणि भुसभुशीत थरात चार-सहा इंच दबत थांबतो, हाड मोडायचं की नुसतं रडू यायचं ते तिथे ठरतं. कमी उंचीचं प्लास्टिक आणून खाली तीच फरशी ठेवली तर फार काही साधलं असं मला तरी वाटत नाही. हिरवळ आणि साधी मातीही पायाखाली तुडवून तुडवून दगड होते, तिच्यावर विसंबू नका.

आता खेळणी. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घेऊन जा आणि प्रत्येक खांब जिथे जमिनीत शिरतो तिथे गुडघे टेकून बसा. वरून रंग चकाचक असतो आणि बरोबर त्या दोन इंचांत पाणी साचून पाईप आतून खाल्लेला असतो. ठोकून बघा, चांगला पाईप खणखणतो, सडलेला भद्द वाजतो, आणि शंका आली तर स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा, आत गेला तर विषय संपला, तो खांब वेल्डिंगच्या पट्ट्या मारून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

झोक्याच्या साखळीचे एस हुक उघडे पडलेत का बघा. नाणं आत शिरेल एवढी जरी फट असली तरी ठोकून बंद करायचा, कपडा अडकतो त्यात. हुकाची आतली बाजू घासून निम्मी झाली असेल तर हुकच बदला. लाकडी पाट आजच काढा, झोक्यावरच्या पोरापेक्षा झोक्यासमोरून पळत गेलेल्या पोराला तो पाट कपाळात बसतो, त्याजागी रबरी पट्ट्याची बैठक. आणि तीन झोके एकाच चौकटीत असतील तर मधला काढून टाका, त्याच्यापर्यंत पोचायला पोराला दुसऱ्याच्या झोक्यासमोरूनच जावं लागतं.

एकदाच_पुरे

मी "काढून टाका" गटातली. कारण सांगते. मुलगा दोन वर्षांचा होता, एकटा घाबरेल म्हणून त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून आले. मला वाटलं यापेक्षा सेफ काय असणार! अर्ध्यात त्याच्या बुटाचा रबरी तळ कडेला चिकटला, पाय तिथेच राहिला आणि मी माझ्या सगळ्या वजनासकट पुढे. आवाजसुद्धा आला नाही हो काही, नुसता त्याचा चेहरा पांढरा पडला. नडगीचं हाड. डॉक्टरांनी विचारलं पण नाही कसं झालं म्हणून, म्हणाले मांडीवर घेतलं होतं ना? एकटा आला असता तर पाय अडकूनही मागे फक्त त्याचंच वजन असतं, तो थांबला असता नाहीतर वळला असता.

त्यामुळे जुनं ते सोनं वगैरे माझ्यासमोर नको. आणि मुख्य म्हणजे आज तुम्ही उत्साहात ग्रीस लावाल, दोन वर्षांनी कोण लावणार?

उलटा_लटकलेला

ताई, वाचून पोटात गोळा आला. पण एक सांगू का, रागावू नका, तुमच्या गोष्टीत घसरगुंडी जुनी होती की नवी याने काय फरक पडला असता? प्लास्टिकवरही बूट असाच अडकतो. यात फसवणूक अशी की धोका दिसतच नव्हता, उलट तेच सुरक्षित वाटत होतं.

माझं सगळं म्हणणं यावरच आहे. उंची पोराला दिसते, वेग जाणवतो, पोटात गुदगुल्या होतात तेव्हा पोर आपणहून हात घट्ट करतं, एक पायरी खाली येतं, दुसऱ्या दिवशी एक पायरी वर जातं. सडलेला पाईप, डोकं अडकणारी फट, निघालेला बोल्ट हे त्याला दिसत नाही आणि त्यातून ते काही शिकतही नाही. दुसरं सगळं निर्दयपणे काढा, पहिलं राहू द्या. आपण नेमकं उलटं करतो, उंची कापतो आणि खाली फरशी घालतो.

एलेन सँडसेटर म्हणून नॉर्वेच्या संशोधक आहेत, त्यांनी २००७ मध्ये पोरांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले, उंची, वेग, धारदार अवजारं, आग-पाण्याजवळ खेळणं, मारामारीचा खेळ आणि मोठ्यांच्या नजरेआड हरवून जाणं. बागेतल्या खेळण्यांत त्यातले फार तर उंची आणि वेग एवढेच मिळतात, आणि आपण तेही काढायला निघालोय. युरोपातलं खेळण्यांचं मानक, ईएन ११७६, १९९८ मध्ये आलं, त्यातसुद्धा ३ मीटरपर्यंत पडायची उंची चालते, फक्त खालचा थर त्या मानाने हवा. म्हणजे तुमची आठ फुटी घसरगुंडी उंचीसाठी गुन्हेगार नाही.

(अवांतर: माकडघराची गोष्ट भारी आहे. चार्ल्स हिंटन म्हणून चौथ्या मितीच्या नादी लागलेले गणिती होते, जपानमध्ये असताना त्यांनी बांबूंची जाळी उभी केली, पोरांनी त्यात चढत चढत क्ष, य आणि तिसऱ्या अक्षावरचे बिंदू शिकावेत म्हणून. पोरं गणित सोडून नुसतीच चढली. त्यांच्या मुलाला, सेबॅस्टियनला, ती मजा लक्षात राहिली आणि त्याने १९२३ मध्ये अमेरिकेत जंगल जिमचं पेटंट मिळवलं. म्हणजे बापाचा क्लास फसला म्हणून आपल्याला माकडघर मिळालं.)

एकदाच_पुरे

क्ष-य राहू द्या हो. दिसणारा-न दिसणारा धोका पटलं, पण दोन वर्षांच्या पोराला काहीच दिसत नाही, ते मोठ्यांच्या मागे सरळ चढायला लागतं. त्याचं काय?

गंज_आणि_ग्रीस

ताईंचा मुद्दा बरोबर आहे आणि उपाय सोपा आहे. माकडघराची सगळ्यात खालची आडवी पट्टी कापून टाकायची. ज्याला पहिला पाय वर टाकून स्वतःला ओढून घेता येत नाही ते पोर वर पोचतच नाही. फक्त मग कुणी उचलून वर बसवायचं नाही, आजोबा लोक हेच करतात. बारक्यांसाठी वेगळा कोपरा करा, मोठी पोरं पळतात त्या वाटेपासून लांब.

डोकं अडकायचं राहिलं. साडेतीन इंचापेक्षा मोठी आणि नऊ इंचापेक्षा लहान फट ही धोक्याची. पोर पाय आधी घालतं, धड बाहेर जातं आणि डोकं वर अडकून लटकतं. कठड्याच्या नळ्या, शिडीच्या पायऱ्या, सगळीकडे टेप लावा. सायकलचं हेल्मेट घालून तर चढूच देऊ नका, त्याने डोकं आणखी मोठं होतं. गळ्यातली ओढणी आणि टोपीची नाडीसुद्धा काढायला लावा.

चक्रीवाला_बाबा

रविवारी अख्खी सकाळ टेप घेऊन घालवली, लेक वहीत आकडे लिहायला. झोक्याच्या चौकटीचा डावा खांब, स्क्रूड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा आत गेला!! तिथे रोज संध्याकाळी रांग असते. चौकट त्याच दिवशी दोरी लावून बंद केली. घसरगुंडीच्या वरच्या कठड्यात फट सहा इंच भरली. घुमट मात्र खणखणीत आहे, एक बोल्ट सोडून.

पेव्हरवरून कमिटीत दीड तास गेला. शेवटी तयार झाले, पण आता म्हणतात वाळू टाकू. चालेल का, किती टाकायची? आणि चक्रीचं काय करू, तिच्यावर सगळ्यांचा डोळा आहे.

गंज_आणि_ग्रीस

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मैदानांसाठीची पुस्तिका आहे, १९८१ पासून निघते, मी आकडे तिचेच धरतो. ९ इंच वाळू साधारण ४ फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरते. ९ इंच लाकडाच्या चिपा १० फुटांपर्यंत. झोक्यासाठी पडायची उंची बैठकीपासून नाही, साखळी वर जिथे टांगलीये तिथून धरतात, म्हणजे तुमच्याकडे वाळू कमीच पडणार. चिपा टाका आणि १२ इंच भरा, दबून ९ होतात. झोक्याच्या पुढे आणि मागे टांगणीच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी, बाकी खेळण्यांभोवती सहा फूट. उतरायच्या जागी पाय घासून खड्डा पडतो, तिथे दर आठवड्याला फावड्याने सारखं करावं लागेल. ताई म्हणतात ते खरंच आहे, हे कोण करणार ते आधी लिहून घ्या, नाव लिहा, "कमिटी" लिहू नका.

कठड्याच्या दोन नळ्यांच्या बरोबर मधे एकेक उभी पट्टी मारली की फट तीन इंचांच्या आत येते. जुना रंग कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ पोरांच्या हातातून तोंडात जाते, ओला करून खरवडा आणि पोपडे गोळा करून न्या. पत्रा उन्हात असेल तर वर शेड करा किंवा घसरगुंडी झाडाच्या सावलीत हलवा, भरदुपारी तापलेल्या पत्र्याने बारक्यांची कातडी भाजते. सीसॉच्या दोन्ही टोकांखाली जुना टायर अर्धा गाडा, तुमच्या झिणझिण्या बंद.

चक्री ठेवा. पण वरचा तबकडा सलग हवा, फळ्यांमधे पाय जाईल अशी फट असेल तर वर एकच चेकर्ड प्लेट, म्हणजे उंचवट्यांच्या नक्षीचा न घसरणारा जाड पत्रा, मारा. दांडे कडेच्या बाहेर आलेले नकोत. त्या पुस्तिकेत कडेचा वेग सेकंदाला १३ फुटांपर्यंत सांगितलाय, म्हणजे सहा फुटी चक्री दीड सेकंदात एक फेरी, आणि ते काही कमी नाही, बसून बघा एकदा. मोठी पोरं याहून जास्त पळवतात, म्हणून वेग आवरणारा ब्रेक बसवून घ्या.

एकदाच_पुरे

नाव लिहून घ्या हे आवडलं. आणि घसरगुंडीवर बोर्ड लावा, "मांडीवर घेऊन घसरू नका", मोठ्या अक्षरात, आयांना दिसेल असा. बाबांना पण.

चक्रीवाला_बाबा

बोर्ड आजच सांगतो. चक्री उघडली, आतलं बेअरिंग काळं ठिक्कर, ग्रीसची माती झालीये आणि आत आमच्या काळातली एक गोटी सापडली. ती लेकीने ढापली. बेअरिंग धुऊन चालेल का नवीनच टाकू?

गंज_आणि_ग्रीस

नवीन टाका. आणि वरून रबरी सील बसवा, नाहीतर पुढच्या वेळी आणखी गोट्या निघतील.