केन्शिनच्या गादीवर कीराचा मुलगा कसा आला? (योनेझावाचे उएसुगी)

जुनं_पान:
जपानमधल्या ४७ रोनिनांची (धनी गमावलेल्या सामुराईंची) गोष्ट परत वाचत होते आणि एका जागी अडकले. ज्या कीरा योशिनाकाला त्यांनी मारलं त्याचा सख्खा मुलगा उएसुगी त्सुनानोरी तेव्हा योनेझावाचा दाइम्यो (संस्थानिक) होता. म्हणजे सोळाव्या शतकातला नामांकित सेनानी उएसुगी केन्शिन, त्याच्या गादीवर कीराचा मुलगा?? हे कसं काय झालं? आणि केन्शिनचा एवढा दरारा होता, मग त्याचे वारस डोंगरातल्या योनेझावात दीड लाख कोकूवर कसे येऊन बसले? कोणाला माहीत असेल तर क्रमाने सांगा प्लीज, आणि कोकू म्हणजे नक्की किती तेही.

गडवाट:
आधी कोकू. साधारण १८० लिटर तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा असा ढोबळ हिशोब. संस्थान केवढं ते त्याच्यावरच ठरायचं.

आता उतरण. केन्शिन १५७८ ला वारला तो त्याच्या एचिगो प्रांतात, त्याला स्वतःचं मूल नव्हतं, दोन दत्तक एकमेकांशी लढले आणि बहिणीचा मुलगा कागेकात्सु जिंकला. १५९८ ला तेव्हाचा जपानचा सर्वेसर्वा हिदेयोशी याने त्याला एचिगोतून उचलून आइझुला बसवलं, १२ लाख कोकू! त्यातलंच योनेझावा त्याचा कारभारी नाओए कानेत्सुगु याच्याकडे होतं. (योनेझावा त्याआधी दाते घराण्याचं, दाते मासामुनेचा जन्म तिथलाच.) मग १६०० ला कागेकात्सु तोकुगावा इएयासुच्या (पुढे हाच शोगुन झाला) विरुद्ध बाजूला राहिला, प्रत्यक्ष सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईत तो नव्हता, उत्तरेत मोगामींशी लढत होता, पण बाजू हरली ती हरलीच. १६०१ ला आइझु गेलं आणि हातात राहिलं योनेझावा धरून ३० टक्केसुद्धा नाही, ३ लाख कोकू. मला या सगळ्यात एक गोष्ट फार लागते, केन्शिनची शवपेटी हे लोक प्रत्येक वेळी बरोबर घेऊन गेले, एचिगोहून आइझुला, आइझुहून योनेझावाला, आणि तिथे किल्ल्याच्या आतच ठेवली.

पोफळी:
३ लाखाचे दीड लाख झाले तिथेच तुमचा कीरा येतो बघा. १६६४ मध्ये त्सुनाकात्सु हा दाइम्यो अचानक वारला, पंचविशीतच होता, मूल नाही आणि वारसही जाहीर केलेला नाही. शोगुनशाहीच्या (तोकुगावांच्या लष्करी सत्तेच्या) नियमाने अशा वेळी संस्थान खालसा, खूप घराणी अशीच संपली. पण त्सुनाकात्सुची पहिली बायको होशिना मासायुकीची मुलगी होती. मासायुकी म्हणजे तिसऱ्या शोगुनचा सावत्र भाऊ, आणि गंमत बघा, उएसुगींचं जुनं आइझु तेव्हा त्याच्याकडेच होतं. मुलगी आधीच वारली होती तरी त्याने जावयाच्या घरासाठी शब्द टाकला. त्सुनाकात्सुची बहीण तोमिको कीराला दिलेली होती, तिचं तान्हं बाळ दत्तक धरलं, तोच त्सुनानोरी. घर वाचलं पण निम्मा मुलूख गेला, फुकुशिमाकडचा सगळा भाग त्यात.

पुढे त्सुनानोरीचा एक मुलगा उलटा कीराकडे दत्तक गेला, योशिचिका. रोनिनांनी हल्ला केला त्या रात्री तो त्या वाड्यात होता, जखमी झाला, आणि नंतर शिक्षा म्हणून त्याला सुवाला पाठवलं, तिथेच तो वारला. त्या पोराचं मला खरंच वाईट वाटतं.

जुनं_पान:
बापरे, हे सगळं माहीतच नव्हतं. पण मग १२ लाखाचे दीड लाख झाल्यावर पदरचे सामुराई कमी केले असतील ना?

गडवाट:
नाही ना, तिथेच तर सगळं दुखणं आहे. कागेकात्सुने १६०१ ला जवळजवळ कोणालाच काढलं नाही, आणि १६६४ नंतरही तेच, दीड लाख कोकूवर साधारण ५ हजार सामुराई घरं पोसायची. किल्ल्याजवळ जागा पुरेना म्हणून खालच्या दर्जाच्या लोकांना गावाबाहेर माळावर वसवलं, ते सामुराई असून स्वतः शेती करायचे. कर्ज इतकं चढलं की आठवा दाइम्यो शिगेसादा संस्थान शोगुनला परत करून टाकायच्या विचारात होता. काहीजण याला निव्वळ मोठेपणाचा हट्ट म्हणतात, मला नाही पटत, वाईट दिवसात माणसं न सोडणं ही साधी गोष्ट नाही.

मग १७६७ ला हारुनोरी आला, नंतरचं नाव योझान. क्यूशूतल्या ताकानाबे नावाच्या छोट्या संस्थानातला दत्तक मुलगा, गादीवर आला तेव्हा सोळा-सतराचा. स्वतःचा वर्षाचा खर्च १५०० र्‍यो (सोन्याची नाणी) वरून २०९ वर आणला, दासी ५० च्या ९ केल्या, सुती कपडे, जेवणात एक सूप आणि एक भाजी. जुन्या सरदारांना हे अजिबात सहन झालं नाही, १७७३ ला सात जणांनी मिळून त्याच्याविरुद्ध तक्रार मांडली, त्याने चौकशी करून दोघांना सेप्पुकूची (स्वतःचं पोट चिरून मरण्याची) शिक्षा दिली. म्हणजे नुसता साधाभोळा संत नव्हता तो. लाखेच्या रोगणाची, तुतीची आणि कागदाची झाडं लावायची मोठी योजना, विणकाम, १७७६ ला कोजोकान शाळा. १८०२ ला ‘कातेमोनो’ म्हणून पुस्तिका छापली, दुष्काळात कोणती रानभाजी कशी खायची, सुमारे ८० वनस्पती त्यात. तो १८२२ ला वारला आणि त्याच सुमाराला कर्ज जवळपास फिटत आलं होतं.

पोफळी:
यात एक जोडते, जुनं_पान यांच्या मूळ प्रश्नाशीच आहे. योझान बाहेरचा, कुठून तरी आणलेला, असं सगळीकडे लिहितात, पण त्याच्या आईची आई तोयोहिमे ही त्सुनानोरीची मुलगी! म्हणजे योझान कीराचा खापरपणतू. आणि त्सुनानोरीची आई तोमिको, ती कागेकात्सुची नात, आणि कागेकात्सु केन्शिनच्या बहिणीचा मुलगा. योझानचं लग्नही शिगेसादाच्या मुलीशी, युकीहिमेशी झालं. म्हणजे गादीवर नावं पुरुषांची दिसतात पण वंश मधे मधे बहीण, मुलगी, नात यांच्याच हातून पुढे आलाय. मी कागदावर वंशावळ काढली तेव्हा लक्षात आलं, तोपर्यंत मीसुद्धा त्याला परकाच समजत होते.

जुनं_पान:
मी पण आता काढायला बसते. केन्शिनच्या बहिणीपासून सुरू करते.