लसूणघास गच्चीवर भाजीसाठी लावायची आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. राहायला कोल्हापुरात, शेती करवीर तालुक्यात. मळ्यात म्हशींच्या वैरणीसाठी दीड गुंठा लसूणघास आहे, राहुरी कृषी विद्यापीठाची आरएल-८८ ही जात. दर २५-३० दिवसांनी कापणी निघते.

उन्हाळ्यात वहिनींनी तिचे कोवळे शेंडे खुडून मूगडाळ घालून भाजी केली. नावात लसूण असला तरी लसणाचा वास अजिबात नाही, मेथीइतकी कडूही नाही. आईला वर्षभर जेवण नकोसं झालंय, पण ही भाजी तिनं परत मागून घेतली. मला त्याचंच फार अप्रूप. मळ्यातली आणत नाही, कारण तिथं मावा किडीसाठी फवारणी होते.

म्हणून जूनमध्ये गच्चीवर कुंड्यांत बी टाकलं. आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे, आठ दिवसांत रोपं मुळापासून कुजली. आता पुन्हा कधी आणि कशात लावू? पाकिटातलं गुलाबी बी उरलंय, त्याला मोड आणून खाल्लं तर चालेल का? पानं वाळवून चहात घालता येतील? आई रक्त पातळ करायची गोळी घेते, तेही सांगून ठेवतो.

उत्तर: दादा, आधी गोळीचं बघा. या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. गोळी वॉरफरिन असेल तर ते तिचा परिणाम कमी करतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आईंना भाजी, चहा काहीच देऊ नका. गोळीही आपल्या मनानं कमी-जास्त करू नका.

गुलाबी बी म्हणजे औषध चोळलेलं. ते खायचं नाही, कोंबड्यांनाही घालू नका. मोडांसाठी खाण्याचं म्हणून विकलेलं बीच घ्या. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) असणाऱ्यानं मात्र या बिया आणि मोड टाळायचे, त्यातल्या कॅनाव्हॅनिन नावाच्या घटकानं आजार उसळू शकतो.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मूळ खोल जातं, फूटभर तरी खोल कुंडी घ्या, तळाला भोकं मोठी पाडा. मातीत वाळू आणि शेणखत घाला, नुसती काळी माती पाणी धरते. फुलं यायच्या आत दोन बोटं बुडखा ठेवून कापा. पानं सावलीत वाळवली की हिरवी राहतात, चहात चालतात.

धागाकर्ता: गोळीचं पाकीट बघितलं, वॉरफरिनच आहे. सोमवारी डॉक्टरांकडं जातोय. उन्हाळ्यात दोनदा भाजी दिली होती, तेही सांगतो. तोवर आईला भाजी बंद.