बँक बुडताना सरकारने कोणाला वाचवावे? आइसलँड, आयर्लंड आणि आपल्या ठेवी

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक)

एखाद्या सहकारी बँकेवर किंवा पतसंस्थेवर निर्बंध आले की आपल्याकडे एकच मागणी ऐकू येते, ती म्हणजे सरकारने बँक वाचवावी. मागणी करणाऱ्यांची व्यथा खरी आहे, पण मागणी मोघम आहे. बँकेत ठेवीदाराचे पैसे असतात, भागधारकाचे असतात आणि बँकेला घाऊक कर्ज देणाऱ्या रोखेधारकाचेही असतात. संकटात सरकार यांपैकी कोणाला सावरते आणि कोणाला तोटा सोसायला लावते, यावर त्या समाजाची पुढची दहा वर्षे अवलंबून राहतात. माझे म्हणणे असे की सरकारने ठेवीदाराला पूर्ण आणि ताबडतोब संरक्षण द्यावे, परंतु रोखेधारक आणि भागधारक यांच्या तोट्याचा एक रुपयाही करदात्यावर येऊ देऊ नये. २००८ साली एकाच पंधरवड्यात दोन छोट्या युरोपीय देशांनी या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे दिली, म्हणून ती उदाहरणे चर्चेसाठी मांडतो.

आयर्लंडमध्ये घरबांधणीचा बाजार कोसळू लागला आणि त्यावर पोसलेल्या बँकांना, विशेषतः अँग्लो आयरिश बँकेला, बाहेरून मिळणारे अल्पमुदतीचे कर्ज आटले. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री सरकारने सहा वित्तसंस्थांच्या जवळजवळ सर्व देण्यांना दोन वर्षांची हमी देऊन टाकली. या देण्यांची रक्कम त्या वेळी सुमारे ४४० अब्ज युरो सांगितली गेली, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून अधिक. येथे एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याआधी काही दिवस, २० सप्टेंबर रोजी, आयर्लंडने ठेव विम्याची मर्यादा एक लाख युरोपर्यंत वाढवली होती. सामान्य बचतदाराचा प्रश्न त्यामुळे बऱ्याच अंशी सुटला होता. नंतरच्या हमीने जे नवे संरक्षण मिळाले, त्याचा मोठा लाभ बड्या ठेवीदारांना आणि रोखेधारकांना झाला. त्याची किंमत मात्र सर्वांनी मोजली. बँकांमध्ये सुमारे ६४ अब्ज युरोंचे भांडवल ओतावे लागले, २०१० साली वित्तीय तूट उत्पादनाच्या सुमारे ३२ टक्क्यांवर गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्यासह ८५ अब्ज युरोंची योजना स्वीकारावी लागली, ज्यातील १७.५ अब्ज युरो आयर्लंडने स्वतःच्या निवृत्तिवेतन राखीव निधीतून आणि शिल्लक रोकडीतून घातले. सरकारी नोकरांचे पगार कापले गेले, बेरोजगारी १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली आणि शिकलेली तरुण मुले देश सोडून गेली. ज्यांनी बेफाम कर्जे वाटली त्यांच्याशी या मुलांचा काहीही संबंध नव्हता.

आइसलँडची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या आत होती, म्हणजे आपल्या नाशिक शहराच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. तेथील ग्लिटनिर, लँड्सबँकी आणि कौपथिंग या तीन बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या सुमारे दहापट झाला होता. ६ ऑक्टोबर २००८ रोजी संसदेने आणीबाणीचा कायदा केला. ठेवीदारांचे दावे इतर सर्व दाव्यांच्या आधी मानले गेले, देशांतर्गत ठेवी आणि कर्जे नव्या बँकांकडे वर्ग झाली आणि परदेशी रोखेधारकांचे हक्क जुन्या, बुडालेल्या बँकांच्या अवसायनाशी, म्हणजे मालमत्ता विकून जे हाती येईल त्याच्याशी, बांधले गेले. देशातील ठेवीदाराचे खाते चालू राहिले. एप्रिल २०१० मध्ये संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अनेक खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला, विशेष सरकारी वकिलाने खटले चालवले आणि बँकांच्या सर्वोच्च पदांवरील माणसे तुरुंगात गेली. तोटा कोणाचा आणि दोष कोणाचा हे दोन्ही प्रश्न त्या समाजाने उघडपणे सोडवले, हे मला या धोरणाचे सर्वांत मोठे यश वाटते.

आपल्याकडे ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख रुपये होती. ती पाच लाख झाली ४ फेब्रुवारी २०२० पासून, आणि तीही पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी रस्त्यावर उतरून आक्रोश केल्यानंतर. आपल्या धोरणातही ठेवीदार सर्वांत आधी यावा, यासाठी मी हा विषय मांडत आहे.

जुना बँकवाला (नाशिक रोड)

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आहे आणि ठेवीदाराविषयी आपल्याला वाटणारी कळकळ मलाही वाटते. परंतु आपण उभे केलेले चित्र अर्धे आहे, आणि धोरणाच्या बाबतीत अर्धे चित्र धोकादायक असते.

आइसलँडच्या ठेवीदाराला आकडा पूर्ण मिळाला, पण त्या आकड्याचे मोल किती उरले? आइसलँडचे चलन क्रोना युरोच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. मध्यवर्ती बँकेने व्याजदर १८ टक्क्यांवर नेला आणि जानेवारी २००९ मध्ये महागाईचा दरही १८ टक्क्यांच्या घरात पोहोचला. तेथील बहुतेक गृहकर्जे तेव्हा महागाई निर्देशांकाशी जोडलेली होती, त्यामुळे नियमित हप्ते भरणाऱ्या कुटुंबाचीही मुद्दल रक्कम वाढत गेली. परकीय चलनाशी जोडलेली कर्जे घेणाऱ्यांची अवस्था याहून वाईट झाली आणि जून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जोडणी बेकायदा ठरवेपर्यंत त्यांना दिलासा मिळाला नाही. भांडवल देशाबाहेर नेण्यावर नोव्हेंबर २००८ मध्ये घातलेले निर्बंध प्रामुख्याने मार्च २०१७ मध्ये उठले. याचा अर्थ असा की तोटा रोखेधारकाने सोसला तसा तो सामान्य घरानेही सोसला. फरक इतकाच की आयर्लंडमध्ये तो कराच्या पावतीवर दिसला आणि आइसलँडमध्ये किराणा मालाच्या बिलात.

दुसरी गोष्ट, आपण "ठेवीदार" म्हणता तेव्हा कोणता ठेवीदार अभिप्रेत आहे? लँड्सबँकीने आइससेव्ह या नावाने ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये लाखो सामान्य लोकांच्या ठेवी गोळा केल्या होत्या. त्या नव्या बँकेकडे वर्ग झाल्या नाहीत. त्यांचे पैसे त्या त्या देशांच्या सरकारांनी दिले. त्या सरकारांना परतफेड करण्याचे प्रस्ताव आइसलँडच्या जनतेने मार्च २०१० आणि एप्रिल २०११ अशा दोन सार्वमतांत फेटाळले. जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघ) न्यायालयाने आइसलँडच्या बाजूने निकाल दिला हे खरे, पण "ठेवीदार आधी" हे तत्त्व देशाच्या सीमेवर थांबले, हेही तितकेच खरे.

आणि आयर्लंडला खरोखर पर्याय होता का? स्वतःचे चलन नाही, त्यामुळे अवमूल्यन नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांनी आयर्लंडच्या अर्थमंत्र्यांना लिहिलेले पत्र पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आयर्लंडने मदतीसाठी अर्ज करावा, अन्यथा बँकांना मिळणारे आपत्कालीन कर्ज चालू राहणार नाही, असा त्याचा सरळ आशय आहे. अशा स्थितीत परतफेडीत अग्रक्रम असलेल्या रोखेधारकांना हात लावणे म्हणजे दुसऱ्या दिवशी एटीएम बंद पडणे. डिसेंबर २०१३ मध्ये आयर्लंड त्या योजनेतून ठरल्या वेळी बाहेर पडला. यशापयशाच्या मापात हेही धरावे लागेल.

निफाडकर

दोघांचेही प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. युरोपातील चलनाचे गणित माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, पण संकटाच्या वेळी घेतलेला निर्णय तालुक्यात कसा उतरतो हे मी पाहिले आहे. द्राक्षबागेचा खर्च छाटणीपासून सुरू होतो आणि माल विकला जाईपर्यंत थांबत नाही. या काळात आमचा आधार म्हणजे विविध कार्यकारी सोसायटीमार्फत मिळणारे जिल्हा बँकेचे पीककर्ज. नोटाबंदीनंतर १४ नोव्हेंबर २०१६ रोजी देशातील जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. त्याआधीच्या चार-पाच दिवसांत जमा झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे भरण्याची मुभा मिळाली ती जून २०१७ मध्ये. ठेवीदाराला व्याज द्यायचे आणि पैसा मात्र तिजोरीत पडून, अशा अवस्थेत कोणती बँक नवे कर्ज देईल? त्याच काळात कर्जमाफीची चर्चा सुरू असल्याने वसुलीही मंदावली. हे संकट बँकेच्या चुकांमुळे किती आणि धोरणामुळे किती, याचा हिशेब कोणीही शेतकऱ्यासमोर मांडला नाही.

त्याहून मोठी गोष्ट पतसंस्थांची. आमच्या भागातील एका पतसंस्थेत माझ्या आईची मुदत ठेव अडकली आहे. पतसंस्थेला ठेव विमा लागू नाही, हे तिला ठेव ठेवताना कोणी सांगितले नव्हते. पाच लाखांची मर्यादा योग्य की अयोग्य ही चर्चा शहरातील बँकांच्या ठेवीदारांसाठी आहे. आमच्यासाठी ती मर्यादा शून्य आहे. गोदाकाठ यांना माझी विनंती आहे की "ठेवीदार आधी" म्हणताना आम्हाला त्या शब्दातून वगळू नये.

सातपूरचा कारखानदार

मी जुना बँकवाला यांच्याशी सहमत आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. येथील चर्चेत ठेवीदार म्हणजे बचत करणारा माणूस असे गृहीत धरले आहे. माझ्यासारख्या छोट्या कारखान्याचे चालू खाते आणि कॅश क्रेडिट एकाच बँकेत असते. निर्बंध आले की त्या दिवसापासून कच्चा माल, कामगारांचे पगार आणि विजेचे बिल, सगळेच अडते. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि पैसे काढण्याची मर्यादा ५० हजार रुपये ठरली. ते निर्बंध १८ मार्चला उठले, कारण स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल घातले. याउलट पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये आलेले निर्बंध जानेवारी २०२२ मधील विलीनीकरणापर्यंत टिकले, आणि पाच लाखांवरील ठेवी फेडण्यासाठी तब्बल दहा वर्षांपर्यंतची मुदत ठरवण्यात आली. दोन आठवडे माझा कारखाना कसाबसा तग धरेल, दोन वर्षे धरणार नाही. म्हणून कोणाचा तोटा कोणी सोसावा याची वाटणी सावकाश करावी, पण बँक आधी चालू ठेवावी. सरकारी पैसा लागला तरी चालेल, कारण कारखाने बंद पडल्यावर बुडणारा करही सरकारचाच असतो.

गोदाकाठ

येस बँकेच्या उदाहरणाबद्दल सातपूरच्या मित्रांचे आभार, कारण ते माझ्याच बाजूचे आहे. तेथे बँक दोन आठवड्यांत सुरू झाली, ठेवीदाराचा एक रुपयाही गेला नाही, आणि त्याच वेळी सुमारे ८,४१५ कोटी रुपयांचे अतिरिक्त भांडवली रोखे, म्हणजे बँक अडचणीत आल्यास ज्यांची रक्कम बुडू शकते असे रोखे, शून्यावर आणले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, हे मी नोंदवतो. त्या रोख्यांत काही निवृत्त लोकांनी मुदत ठेवीसारखेच सुरक्षित समजून पैसे गुंतवले होते, त्यांची तक्रार गंभीर आहे आणि तिचा निवाडा विक्री करणाऱ्यांची जबाबदारी ठरवून व्हायला हवा. तरीही, बँक चालू ठेवणे आणि रोखेधारकांना पूर्ण पैसे देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दोन आठवड्यांत स्पष्ट झाले. आयर्लंडने त्या एकत्र बांधल्या, हाच माझा आक्षेप आहे.

जुना बँकवाला यांनी २०१० च्या पत्राचा दाखला दिला. परंतु हमी दिली गेली २००८ साली, त्या पत्राच्या दोन वर्षे आधी आणि देशाच्या सरकारने स्वतःहून. नंतर दबाव आला तो आधीच दिलेल्या शब्दामुळे वाढलेल्या ओझ्यावर आला. महागाईबद्दल आपण जे लिहिले ते मला मान्य आहे, कुटुंबांचे हाल झाले. पण ते क्रोनाच्या घसरणीचे आणि निर्देशांकाशी जोडलेल्या कर्जांचे परिणाम आहेत. रोखेधारकांना पैसे दिले असते तर ते टळले असते असे दिसत नाही, उलट दहापट पसारा असलेल्या बँकांची हमी घेण्याची त्या देशाची ऐपतच नव्हती.

निफाडकर यांचा आक्षेप मात्र थेट लागू पडतो. ठेव स्वीकारण्याची परवानगी ज्या संस्थेला आहे, त्या प्रत्येक संस्थेला विमा सक्तीचा असला पाहिजे. सप्टेंबर २०२१ पासून बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद लागू झाली. पतसंस्थेतील ठेवीदाराला तीच तरतूद का लागू होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोठेही मिळालेले नाही.

जुना बँकवाला

उत्तर आहे, ते कटू असले तरी देतो. विमा देणाऱ्याला तपासणीचा अधिकार लागतो. रिझर्व्ह बँक पतसंस्थांची तपासणी करत नाही, त्या राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. तपासणीशिवाय विमा दिला तर जी संस्था सर्वांत जास्त व्याजाचे आमिष दाखवेल तिच्याकडे ठेवी धावतील आणि तिचा भुर्दंड प्रामाणिक संस्थांच्या सभासदांवर पडेल. शिवाय नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँक आणि सहकार खाते असे दुहेरी नियंत्रण असल्याने काय झाले हे आपण पाहिले आहे. बँकिंग नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले ते त्यामुळेच. आधी नियंत्रण एका हाती यावे, मग विमा यावा. हा क्रम उलटा केला तर पुढच्या संकटाचे बीज आपणच पेरू.

निफाडकर

क्रम मान्य आहे, विलंब मान्य नाही. बँकांचा ठेव विम्याचा हप्ता २०२० साली १०० रुपयांमागे वर्षाला १२ पैसे ठरला, म्हणजे एक लाखाच्या ठेवीला १२० रुपये. माझ्या आईला कोणी विचारले असते तर तिने एवढे व्याज आनंदाने सोडले असते. धोका अधिक म्हणून हप्ता दुप्पट केला तरी सोडले असते. तपासणीचा खर्चही त्याच हप्त्यातून काढावा आणि ज्या संस्था तपासणीत उतरणार नाहीत त्यांना नवी ठेव घेण्यास मनाई करावी. आपण आयुष्यभर बँकेचे काम केले आहे, म्हणून आपल्यालाच विचारतो: सहकार खात्याकडून ही तपासणी काढून घेण्यास नेमका विरोध कोणाचा आहे, आणि तो आजवर कोणत्या सरकारने मोडून का काढला नाही?