मदत हवी आहे: जळगाव-धुळ्याकडे ॲक्युपंक्चर करणारे पशुवैद्य?
आमची लॅब्रॅडोर राणी, वय 11, वजन 31 किलो (3 किलो उतरवलं). मागच्या दोन्ही पायांत संधिवात, एक्स-रे झालाय. फरशीवरून उठताना पाय फाकतात, नखं घासल्याचा आवाज येतो, बघवत नाही. मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाने बरं वाटायचं, पण रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा घटक) 2.1, म्हणजे जास्त आल्यावर डॉक्टरांनी बंद केलं. आता गॅबापेंटिन हे वेदनेचं दुसरं औषध चालू आहे. घरभर गोणपाट अंथरलंय. निरगुडीचं तेल सुचवलं होतं, पण ती चाटेल म्हणून लावलं नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कृपया सुचवू नका, कुत्र्यांना घातक ठरू शकतात.

चालू औषध न तोडता, रक्ताचे रिपोर्ट बघून ॲक्युपंक्चर किंवा लेझर उपचार करणारे नोंदणीकृत पशुवैद्य जळगाव, भुसावळ, धुळ्यात कुणाला माहीत आहेत का? पहाटे निघून नाशिकपर्यंत नेता येईल, पुणं तिला झेपणार नाही. ज्यांनी केलंय त्यांना किती वेळा जावं लागलं, फरक कधी दिसला?